मूळ संख्या की अविभाज्य संख्या?

विचारणा: २१४७४८३६४७ या संख्येवर टिपण लिहिते आहे. शाळेत ‘मूळ संख्या’ शिकले, पण ‘अविभाज्य संख्या’ही वाचनात येते. शीर्षकात कोणता शब्द घेऊ?

– ‘मूळ’ घ्या. पाठ्यपुस्तकात तोच आहे आणि त्याचं गणगोतही मोठं: मूळ अवयव, जोडमूळ, सहमूळ. ‘अविभाज्य’ म्हटलं की १ चा घोळ होतो. १ ला दुसऱ्या कोणत्याही संख्येने भाग जात नाही, तरी ती मूळ नाही, संयुक्तही नाही.

– पण ‘मूळ’ सांभाळून वापरा. संगणकाच्या ३२ बिटांच्या (० किंवा १ अशा ३२ खणांच्या) चिन्हयुक्त, म्हणजे धन-ऋण दोन्ही धरणाऱ्या पूर्णांकात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. सेकंद मोजणारी जुनी संगणकी घड्याळं तिच्यापर्यंत पोचतील १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. आता ‘मूळ संख्येत १ मिळवला की ती ऋण होते’ असं लिहिलंत, तर वाचणारा ‘सुरुवातीची संख्या’ असाच अर्थ घेणार. तिथे सरळ ‘या संख्येत’ लिहा. आणि ‘मूळ संख्येचे वर्गमूळ’ तर अगदीच कानाला खटकतं!

– वर्गमूळ टाळता येणार नाही, कारण गणितज्ञ ऑयलरची सगळी गंमत तिथेच आहे. ही संख्या मूळ असल्याचं त्याने १७७२ साली जाहीर केलं. तिचं वर्गमूळ ४६३४१ च्या किंचित खाली, म्हणजे तिथवरचेच भाजक तपासायचे. पण ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. त्यामुळे हिला मूळ अवयव असलाच, तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ उरायला हवी. एवढ्या एका अटीने तपासायच्या संख्या चारशेच्या आत आल्या. एकीनेही भाग गेला नाही.

विचारणा: मग हिला जोडमूळ म्हणता येईल?

– नाही. जोडमूळ संख्यांत फरक २ चा लागतो. २१४७४८३६४५ च्या शेवटी ५ आहे, आणि २१४७४८३६४९ च्या अंकांची बेरीज ४८, म्हणजे ३ ने भाग जातो. ‘सहमूळ’ आणखी वेगळं, म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या संख्या: ८ आणि ९ सहमूळ आहेत, पण दोन्ही संयुक्त.

– २ चा घात वजा १ अशा रूपाच्या संख्येला गणितज्ञ मर्सेनच्या नावाने ‘मर्सेन संख्या’ म्हणतात. पण टिपणात तेवढंच लिहून थांबू नका, ‘मर्सेन मूळ संख्या’ लिहा. घातांक मूळ असला म्हणून संख्या मूळ होत नाही. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९. खुद्द मर्सेनने १६४४ साली अशा मूळ संख्यांच्या यादीत ६७ हा घातांक धरला होता. १९०३ साली गणितज्ञ कोल यांनी २ चा ६७ वा घात वजा १ या संख्येचे दोन अवयव फळ्यावर गुणून दाखवले, म्हणजे ती संयुक्त निघाली. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी सापडलेली मर्सेन मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. इथे ‘अंकी’च लिहा, ‘आकडी’ नको. फीट या अर्थाची ‘आकडी’ वेगळी.