जमातींच्या भूमीवरील जलशुद्धीकरण केंद्रांचे सांडपाणी: परवाना कोणाचा, मर्यादा कोणाच्या?

प्रश्न: निवळीचे_बी

नमस्कार. अमेरिकेतील माँटाना राज्यात एका रिझर्व्हेशनवरील (मूलनिवासी जमातीसाठी राखीव भूमीवरील) पिण्याच्या पाण्याच्या योजनेसाठी काम करणाऱ्या अभियंत्यांच्या गटात मी आहे. योजना नदीचे पाणी उचलते, त्यात तुरटी मिसळून गढूळपणा खाली बसवते, वाळूच्या फिल्टरमधून पाणी गाळते आणि क्लोरिन देऊन वस्त्यांना पुरवते. फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना निघणारे पाणी, म्हणजे बॅकवॉश, आणि निवळण टाकीच्या तळाचा गाळ एका तळ्यात सोडला जातो. तळ्यातले वरचे पाणी एका लहान ओढ्यातून पुन्हा त्याच नदीला मिळते.

या निचऱ्यासाठी केंद्रीय परवाना घ्यावा लागतो, हे जमातीच्या जलविभागातील ज्येष्ठ चालकांना पटत नाही. त्यांचे म्हणणे असे की गाळ नदीचाच आहे आणि तो नदीलाच परत जातो; शिवाय हे मैलापाणी नव्हे, पिण्याचे पाणी तयार करताना उरलेले पाणी आहे. त्यांचा अनुभव मोठा आहे, त्यामुळे नुसते कलम दाखवून त्यांची समजूत काढणे मला योग्य वाटत नाही. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. राज्याचा पर्यावरण विभाग येथे परवाना का देत नाही? ईपीएच्या (केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेच्या) सर्वसाधारण परवान्याखाली नाव नोंदवणे पुरेसे आहे, की या केंद्रासाठी स्वतंत्र परवाना मागावा? आणि ज्या जमातीने स्वतःची पाण्याची मानके अजून ठरवलेली नाहीत, तिला या मर्यादांबाबत काही म्हणण्याचा अधिकार उरतो का?

उत्तर: कायदा_आणि_काठ

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकत्रच द्यावे लागेल, कारण दोन्हींच्या मुळाशी सार्वभौमत्वाचा प्रश्न आहे.

1972 च्या क्लीन वॉटर ॲक्टनुसार नळी, चर, पाट अशा ठरावीक ठिकाणाहून संरक्षित जलप्रवाहात प्रदूषक सोडायचे असल्यास परवाना लागतो. बहुतेक राज्यांनी हे परवाने देण्याचा अधिकार ईपीएकडून स्वतःकडे घेतला आहे. परंतु हा अधिकार सर्वसाधारणपणे रिझर्व्हेशनच्या हद्दीत चालत नाही, कारण जमातींचे नाते थेट केंद्र सरकारशी आहे आणि राज्ये त्यांची वरिष्ठ नाहीत. मेन व ओक्लाहोमा या राज्यांत वेगळ्या कायद्यांमुळे चित्र निराळे आहे. माँटानात मात्र आपल्याला ईपीएच्या डेन्व्हर येथील विभागीय कार्यालयाशीच व्यवहार करावा लागेल.

1987 च्या दुरुस्तीने या कायद्यात कलम 518 आले. त्यानुसार केंद्र सरकारची मान्यता असलेली, स्वतःचे शासन चालवणारी आणि आवश्यक क्षमता असलेली जमात काही कामांपुरती राज्यासारखी मानली जाते. तिला स्वतःची जलगुणवत्ता मानके ठरवता येतात आणि कलम 401 खाली केंद्रीय परवान्याला (सोडलेले पाणी मानकांत बसते असे) प्रमाणपत्र देता येते, नाकारता येते किंवा त्यावर अटी घालता येतात. रिझर्व्हेशनमधील बिगरसदस्यांवरही आपला अधिकार चालतो, हे पूर्वी प्रत्येक जमातीला स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागत असे. 2016 मध्ये ईपीएने कलम 518 हेच काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, दिलेले अधिकारदान आहे असा अर्थ लावला आणि हा मोठा अडसर दूर झाला.

याचे बळ किती असते ते न्यू मेक्सिकोतील इस्लेटा प्वेब्लो या जमातीच्या प्रकरणात दिसले. अल्बुकर्की शहराचे मैलापाणी केंद्र रिओ ग्रांदे नदीत, प्वेब्लोच्या हद्दीपासून सुमारे 5 मैल वर, पाणी सोडते. प्वेब्लोची मानके ईपीएने डिसेंबर 1992 मध्ये मंजूर केली. त्यांत नदीत उतरून केल्या जाणाऱ्या धार्मिक विधींचा वापर हा एक संरक्षित वापर म्हणून नोंदवला होता आणि काही मर्यादा राज्याच्या मर्यादांहून कडक होत्या. शहराने न्यायालयात आव्हान दिले. 1996 मध्ये दहाव्या सर्किट न्यायालयाने (केंद्रीय अपील न्यायालयाने) जमातीला अशी कडक मानके ठरवण्याचा अधिकार आहे आणि हद्दीबाहेर, वरच्या अंगाला असलेल्या केंद्राच्या परवान्यात ईपीए ती लागू करू शकते, असा निर्णय दिला. ते प्रकरण मैलापाण्याचे होते, पण तत्त्व आपल्या फिल्टर-धुण्याच्या पाण्यालाही तेवढेच लागू होते.

आपल्या जमातीने मानके ठरवली नसतील आणि राज्यासारखा दर्जाही घेतला नसेल, तर कलम 401 चे प्रमाणपत्र ईपीए स्वतःच देते. म्हणजे परवाना देणारी आणि तो तपासणारी संस्था एकच ठरते. सल्लामसलतीत आणि मसुद्यावरील हरकतींच्या मुदतीत जमात आपले म्हणणे मांडू शकते, आणि ते लेखी मांडलेच पाहिजे. परंतु म्हणणे मांडणे आणि अट घालता येणे यांत फार मोठे अंतर आहे. म्हणून मी आग्रहाने सांगेन की परवान्याच्या अर्जाबरोबरच मानके ठरवण्याचे काम जमातीच्या परिषदेपुढे ठेवावे.

उत्तर: तुरटी_ते_तळ

ज्येष्ठ चालकांच्या शंकेला रसायनशास्त्रातून उत्तर देतो, कारण ती शंका रास्त आहे आणि तिचा अर्धा भाग खरा आहे. गाळातील माती नदीचीच असते. मात्र तिच्याबरोबर तुरटीपासून बनलेला ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा लिबलिबीत साका जातो, जो नदीचा नसतो. तो ओढ्याच्या तळाच्या खड्यांवर बसला की माशांची अंडी आणि तळाशी राहणारे कीटक गुदमरतात. शिवाय नदीतून दिवसभर पसरून आलेली माती फिल्टर धुताना काही मिनिटांत, एकवटून बाहेर पडते. पाणी भूजलाचे असेल आणि आर्सेनिक काढण्यासाठी लोहक्षार वापरला जात असेल, तर पिणाऱ्याच्या पेल्यातून काढलेले आर्सेनिक गाळात साठते. 2006 पासून पिण्याच्या पाण्यासाठी आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम झाली, त्यामुळे अनेक लहान योजनांच्या गाळाचे स्वरूपच बदलले.

सर्वांत दुर्लक्षित घटक आहे क्लोरिन. फिल्टर बहुतेक ठिकाणी शुद्ध केलेल्या, म्हणजे क्लोरिनयुक्त, पाण्यानेच धुतले जातात. नदीचे पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून वितरणात जाणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन असावे असा नियम आहे आणि 4 मिलिग्रॅमपर्यंत चालते. गोड्या पाण्यातील जीवांसाठी ईपीएची शिफारस अल्पकाळासाठी 0.019 आणि दीर्घकाळासाठी 0.011 मिलिग्रॅम एवढी आहे. माणसासाठी जे किमान आवश्यक आहे तेच माशासाठी अल्पकालीन मर्यादेच्या दहापटींहून अधिक ठरते, हे चालकांना आकडे समोर ठेवून सांगावे. मला वाटते ते लगेच समजून घेतील. तळ्यात उन्हाने व वेळेने क्लोरिन कमी होते, पण हिवाळ्यात तळे बर्फाखाली असताना त्यावर विसंबू नये. सोडियम बायसल्फाइट किंवा ॲस्कॉर्बिक ॲसिड यांनी ते मारता येते. 0.011 एवढी पातळी हातातल्या साध्या मीटरने खात्रीने मोजता येत नाही, म्हणून परवान्यात अनुपालनासाठी कोणती मोजणी-पातळी धरली आहे ते नीट वाचा.

आणखी एक गोष्ट. जलशुद्धीकरण केंद्रांच्या निचऱ्यासाठी देशभर लागू होणाऱ्या तंत्रज्ञानाधारित मर्यादा ईपीएने ठरवलेल्या नाहीत. अभ्यास झाला, 2011 मध्ये तांत्रिक अहवालही आला, पण नियम झाला नाही. त्यामुळे परवाना लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचा व्यावसायिक निर्णय आणि प्रवाहाची मानके यांवरच मर्यादा उभ्या असतात. मानकेच नसतील तर त्या निर्णयाला आधार किती उरतो, याचा विचार करावा.

निवळीचे_बी

दोघांचेही मनापासून आभार. क्लोरिनचे आकडे मी चालकांपुढे ठेवीन. मग हे पाणी बाहेर सोडण्याऐवजी केंद्राच्या सुरुवातीला परत का घेऊ नये? आमच्याकडे कोणी त्याला तयार नाही, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही अजून उरले आहे.

उत्तर: रिओ_ग्रांदेकाठची

परत घेता येते, आणि बॅकवॉश उत्पादनाच्या साधारण 2 ते 5 टक्के असल्याने कोरड्या प्रदेशात ते पाणी मोलाचेही असते. परंतु गाळणीत अडकलेले क्रिप्टोस्पोरिडियमसारखे जंतू त्यात एकवटलेले असतात. 1993 मध्ये मिलवॉकी शहरात याच जंतूमुळे सुमारे 4 लाख लोक आजारी पडले होते. म्हणून 2001 च्या नियमानुसार परत घेतलेले पाणी शुद्धीकरणाच्या सर्व टप्प्यांतून पुन्हा गेले पाहिजे. मधल्या टाकीत ते साठवून थोडे थोडे सोडण्याची सोय नसेल तर तुमच्या लोकांचा नकार योग्यच आहे. परत घेतले तरी गाळ उरतोच, आणि त्याची विल्हेवाट लावावीच लागते.

दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत असे आहे. सर्वसाधारण परवाना हा एकाच प्रकारच्या अनेक केंद्रांसाठी एकदाच लिहिलेला असतो. आपण फक्त सहभागाचे सूचनापत्र देतो, ठरलेली मोजणी करतो, अहवाल पाठवतो आणि नोंदी किमान 3 वर्षे जपतो. मोजक्या माणसांवर चालणाऱ्या योजनेसाठी ही व्यवस्था न्याय्य आहे, कारण स्वतंत्र परवान्याच्या खर्चात एका चालकाचे वर्षाचे वेतन निघून जाऊ शकते. तुमचे पाणी मोठ्या नदीत थेट जात असते तर मी निःशंकपणे सर्वसाधारण परवाना सुचवला असता. लहान ओढा आहे, म्हणून ऑगस्टमध्ये त्यात किती पाणी उरते ते आधी मोजा. ओढ्यातले बहुतेक पाणी तुमच्या तळ्याचेच असेल तर मिसळून पातळ होण्याचा हिशेब लागू होत नाही आणि ही गोष्ट सूचनापत्रात स्पष्ट लिहावी.

आमच्या भागात वेगळीच अडचण आहे. येथले अनेक निचरे वर्षातले बहुतेक दिवस कोरड्या असणाऱ्या ओहोळांत जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या सॅकेट निकालानंतर जवळपास कायम वाहणारे पाणीच केंद्रीय संरक्षणाखाली उरले आहे, त्यामुळे अशा ओहोळांना परवान्याची गरज नाही असे सांगितले जाऊ लागले आहे. त्याच ओहोळाच्या खालच्या अंगाला मेंढ्या पाणी पितात आणि लोक औषधी वनस्पती गोळा करतात. केंद्र सरकारचा कायदा तेथे थांबला तरी जमातीची स्वतःची जलसंहिता थांबत नाही.

उत्तर: कायदा_आणि_काठ

वरील मताशी एका मुद्द्यावर मी असहमत आहे. ओढा लहान असेल तर सूचनापत्रात टीप लिहून भागणार नाही. सर्वसाधारण परवान्याच्या मर्यादा त्या ओढ्याला पुरेशा नाहीत असे दिसल्यास ईपीए स्वतंत्र परवाना मागू शकते आणि कोणतीही हितसंबंधी व्यक्ती तशी विनंती करू शकते, जमातही करू शकते. खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण तो मासे पकडणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला जाऊ नये. तळ्याला अस्तर नसेल तर तेही तपासा: सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या माउई निकालानुसार भूजलातून झिरपत नदीला मिळणारे पाणी थेट सोडण्याच्या तोडीचे ठरले, तर त्यालाही परवाना लागतो. परवान्याची मुदत जास्तीत जास्त 5 वर्षे असते. परिषदेने आता मानकांचे काम हाती घेतले, तर पुढच्या फेरीतील प्रमाणपत्रावर ईपीएऐवजी जमातीची सही असू शकेल.