मदत हवी आहे: आंब्याची पानं बांधणारी अळी मातीत कधी उतरते?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या पेठ तालुक्यात आमची केसर आंब्याची मोठी झाडं आहेत. पावसाळा सरल्यापासून शेंड्याकडची पानं रेशमी धाग्यांनी चिकटून त्यांचे वाळके गुच्छ झालेत. गुच्छ उकलला की आत बऱ्याच अळ्या, पानांच्या उरलेल्या शिरा आणि काळी विष्ठा. हात लागताच अळी झटकन मागे सरते. पानांवर चिकटा (तुडतुडे सोडतात तो चिकट गोड स्राव) नाही, म्हणजे तुडतुडे नव्हेत.

वर्णनावरून हा ओर्थागा वंशातला छोटा पतंग वाटतो. त्यातल्या युआड्रुसॅलिस आणि एक्सव्हिनाशिया या दोन जाती भारतात आंब्यावर येतात.

हाताला येतील ते गुच्छ कापून जाळले, दाट फांद्या विरळ केल्या. निंबोळी अर्कही फवारला, पण तो जाळीच्या आत पोचतच नाही. उंच शेंडे बांबूच्या आकडीने ओढतोय, फार वेळखाऊ काम आहे. शेजारी मधपेट्या आहेत, त्यामुळे रासायनिक फवारणी सुचवू नका, मोहोराच्या तोंडावर तर नकोच.

वाचनात आलं की आधीच्या पिढ्या गुच्छातच कोष करतात आणि थंडीतली शेवटची पिढी मातीत. तसं असेल तर खोडाभोवतीची माती खणून कोष उन्हात उघडे पाडणं आम्हाला सहज जमेल. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागात कुणी हे स्वतः पाहिलंय का? अळ्या साधारण कोणत्या महिन्यात खाली उतरतात, आणि खोडापासून किती अंतरापर्यंत, किती खोल खणायचं?