मदत हवी आहे: बोटीच्या डिझेल इंजिनचा तापमानाचा काटा ६० अंशांच्या वर जात नाही, थर्मोस्टॅट परत बसवावा का?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीत मिरकरवाड्याला आमची ट्रॉलर आहे. तिच्यावर ट्रकमध्ये येतं त्याच जातीचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, बोटीसाठी बदल केलेलं. मासळी कोल्हापूरला नेणारा ट्रकही घरचाच, तो मी चालवतो. ट्रकचा काटा सपाटीला ८५ च्या आसपास असतो, आंबा घाटात भरलेल्या गाडीने ९५ पर्यंत जातो आणि माथ्यावर आलं की पुन्हा उतरतो.

बोटीचा काटाही पूर्वी ८० ला असायचा. गेल्या हंगामात जाळं ओढताना इंजिन तापलं, तेव्हा मिस्त्रींनी थर्मोस्टॅटच (पाणी ठरावीक तापलं की थंड व्हायला जायची वाट उघडणारी झडप) काढून टाकला. त्यांचं म्हणणं, समुद्रात इंजिन जेवढं थंड तेवढं चांगलं. तेव्हापासून काटा ५५-६० च्या वर गेलेला नाही. बोट चालवणारे तांडेलकाका निश्चिंत आहेत, पण मला चैन नाही. चालू केल्यावर पांढरा धूर बराच वेळ येत राहतो, एक्झॉस्टच्या तोंडाशी ओली काजळी धरते. डिपस्टिक ओढली तर तेलाला डिझेलचा वास, आणि पातळी वरच्या खुणेच्याही किंचित वर.

इंजिनाच्या आत गोडं पाणी आणि कूलंट फिरतं, खारं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमधून (गोड्या पाण्याची उष्णता खाऱ्या पाण्याला देणाऱ्या नळ्यांच्या संचातून) जातं. मासेमारी बंदी ३१ जुलैला संपेल. तोवर थर्मोस्टॅट बसवून घ्यावा का? बसवला आणि खोल समुद्रात पुन्हा तापलं तर? बोटीवर माणसं असतात, म्हणून धाकधूक वाटते.

प्रतिसाद १

बसवाच. ६० चा हिशोब खोटा नाही, पण तो तुमच्या इंजिनाचा नाही. ज्या इंजिनात समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून (इंजिनाच्या मुख्य धडातून) फिरतं, ती मुद्दाम ५५-६० वर चालवतात, कारण त्याहून तापलं की खाऱ्या पाण्यातले क्षार आत जाड थर धरतात. तुमच्या ब्लॉकमध्ये खारं पाणी जातच नाही, म्हणजे तुमचं इंजिन ट्रकसारखंच ८०-९० वर चालायला हवं. थंड इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही, लायनरवरून (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून) उतरून तेलात मिसळतं आणि तेल पातळ होतं. मग बेअरिंगची वाट लागते.

पण पातळी वाढली याचा दोष सगळा थंडपणावर टाकू नका. गळका इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा) किंवा डिझेल पुढे पाठवणाऱ्या फीड पंपाचा फाटलेला डायफ्रॅमही (पडदा) तेच करतो. इंजेक्टर टेस्टिंगला द्या आणि ते तेल फेकून द्या, त्या तेलावर बोट पाण्यात उतरवू नका.

खरा शोध घ्यायचा तो मुळात तापलं का याचा. खाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक) काढून बघा. एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा पुढे कुठेतरी अडकलाच असणार, तो सापडेपर्यंत शोध थांबवू नका.

प्रतिसाद २

ट्रकचं काम करतो, त्यातलं सांगतो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा, म्हणजे काही पाणी थंड न होताच परत ब्लॉकमध्ये फिरतं. कमी लोडला काटा खाली दिसतो, पण पूर्ण लोडला हेच इंजिन तापू शकतं.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी दोरीने पातेल्यातल्या पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. ८२ छापलेला असेल तर साधारण तेवढ्याला उघडायला लागतो, पूर्ण उघडायला ९५ च्या आसपास. काट्यावरही भरवसा नको. सेन्सर आणि मीटर एका जोडीचे नसले तर आकडा चुकीचा येतो. हाऊसिंगवर काळी टेप लावून इन्फ्रारेड गनने ताडून बघा, चकचकीत धातूवर गन कमी दाखवते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज इम्पेलर काढला, दोन पाती बुडातून गायब आहेत. एक्स्चेंजरचं झाकण उघडलं तर नळ्यांच्या तोंडावर रबराचे तुकडे, आणि खालच्या नळ्यांत पांढरा थर इतका की तारही जाईना. म्हणजे थर्मोस्टॅटचा काही दोष नव्हता. इंजेक्टर उद्या टेस्टिंगला जातील. आता एवढंच सांगा, नळ्या तांबा-निकेलच्या आहेत, त्या लाकडी काडीने साफ करू की पातळ ॲसिडने? टोकाच्या सांध्यांना ॲसिड लागेल याची भीती वाटते.