दारू सोडून सात महिने झाले, पण घरचे अजून भरोसा ठेवत नाहीत. काय करू?

कोरडवाहू_यवतमाळ
नमस्कार मंडळी. वय ३८, दारव्हा तालुक्यातला आहो, चार एकर कोरडवाहू. बारा वर्षं दारू पेलो, संक्रांतीनंतर केंद्रात भरती झालो, तेव्हापासून थेंब नाही. पण वावरातून यायले अर्धा तास उशीर झाला की बायको दारातच उभी, जवळ येऊन तोंडाचा वास घेते, खिसे चाचपते. बोलत काही नाही, पण तेच जास्त लागते मनाले. पोरगी ९ वर्षांची, माह्या आवाज थोडा चढला की आजीच्या मागं लपते. झोप नीट नाही, चिडचिड होते, अन चिडलो की बायको म्हणते आज घेऊन आले काय. परवा तर मनात आलं की हे असंच समजून रायले तं पिलेलीच काय वाईट. त्या विचारालेच घाबरलो म्हणून इथं लिहून रायलो. आता पोळा आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी, करीले, आमच्या गावात काय असते ते सांगायले नको, सगळे जुने दोस्त बोलावतील. त्यायले काय सांगू? अन घरच्यांचा भरोसा कसा मिळवू?

चंद्रपूरची_ताई
भाऊ, मी तुमच्या बायकोच्या जागी होती म्हणून लिहिते, राग मानू नका. आमच्या जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी झाली, तेव्हा यांची हळूहळू सुटली अन मले वाटलं सुटलो एकदाचे. २०२१ मध्ये बंदी उठली अन महिनाभरात पुन्हा तेच. दुकान बंद झालं होतं, माणसाच्या आतलं काही बदललं नव्हतं. नंतर उपचार घेतले, आता तीन वर्षं झाले. पण मी किती दिवस वास घेतला माहीत आहे? दीड वर्ष. संशय म्हणून नाही जी, संध्याकाळी फाटक वाजलं की माझे हातपायच गार पडायचे, ते माझ्या हातात नव्हतं. यांनी एकच केलं. उशीर होणार असला की आधी फोन, अन घरी आले की मी विचारायच्या आत स्वतःच जवळ येऊन बसायचे. कधी म्हटलं नाही की एवढं करून रायलो तरी तुले पटत नाही. ते म्हटले असते तं मी अजून आवळून बसली असती. कापूस विकल्याचा पूर्ण पैसा माझ्या हातात आणून दिला त्या दिवशी मी रडली होती.

विदर्भाचा_पोट्टा
वहिनीले सांगा ती दारू सोडायची गोळी रोज चहात टाकून द्यायले, टेन्शनच नाही.

गावातली_आशा
नाही हो, असं कोणाला सांगू नका!! ती गोळी डॉक्टरांनी तपासून लिहून दिली अन घेणाऱ्याला माहीत असेल तरच. लपवून दिली अन वरून दारू पोटात गेली तर जिवावर बेतते. दादा, झोप अन चिडचिड सोडल्यावर काही महिने राहू शकते, केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा, मेडिकलमधून मनानं झोपेची गोळी आणू नका. मन फारच भरून आलं तर १४४१६ वर फोन करा, टेली-मानस आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

फक्त_आजचा_दिवस
मित्रा, मी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये ९ वर्षांपासून आहो, दारू सोडणाऱ्यांचाच गट आहे तो. "पिलेलीच काय वाईट" हा विचार मलेही यायचा, अन नेमका उपाशी पोटी, थकल्यावर नाहीतर कोणाशी भांडून एकटा बसलो की यायचा. तू बायकोसाठी सोडली असशील तं तिच्या एका शब्दावर धरशील. स्वतःसाठी धर, मग ती खिसे पाहो की न पाहो. विचार आला की पहिले जेव, मग आपल्यासारख्याच कोणाले फोन लाव. जवळपास मीटिंग असेल तं जा, फी नसते, नाव बाहेर जात नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असते, वहिनीले तिथं बोलायले मिळालं तं तिचंही ओझं उतरेल, तिनंही बारा वर्षं काढले ना.
करीचं म्हणशील तं त्या दिवशी गावात राहूच नको, सासुरवाडीले जा. दोस्तायले लंबं कारण देऊ नको, "मी सोडली" एवढंच. जो खरा आहे तो चहा पाजीन.

कोरडवाहू_यवतमाळ
ताई, दीड वर्ष वाचून आधी छाती दडपली, मग थोडं हलकं वाटलं, मी तं सात महिन्यातच हिशेब मागत होतो. काल वावरातून निघतानाच बायकोले फोन केला. ती फक्त बरं म्हणाली. वास घेतलाच, पण मी काही बोललो नाही, तिथंच बसून शेंगा सोलू लागलो.
सासुरवाडीले जमणार नाही पण, करीच्याच दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लेकरायचा पोळा असते. मागच्या साली पोरगी लाकडाचा नंदी घेऊन तयार बसली होती अन मी नालीजवळ पडलेला होतो. आज नंदी माळ्यावरून काढला, एक चाक तुटलं आहे. बसवून रायलो. पोरगी दूर उभी राहून पाहून रायली होती, मग म्हणाली, बाबा, शिंगायले लाल रंग द्या.