मदत हवी आहे: फोरअ‍ॅक्सिस फोम कटर, निमुळता पंख मापात येत नाही

पंखवेडा
आरसी (रिमोटवरच्या) ग्लायडरसाठी हॉट वायर कटर, म्हणजे तापलेल्या तारेने फोम कापणारं मशीन, बनवलाय. आर्डुइनो मेगा कंट्रोलर, त्यावर रॅम्प्स १.४ बोर्ड, चार नेमा १७ मोटरी. सरळ पंख एकदम बरोबर निघतो, निमुळता कापला की दोन्ही टोकांची मापं चुकतात. तीन ठोकळे वाया गेले. रविवारी उडवायचाय, प्लीज लवकर सांगा.

लेथकाका
चुकतात म्हणजे किती? कमी की जास्त? फर्मवेअर (कंट्रोलरमधला प्रोग्राम) कुठलं? साधं जीआरबीएल तीनच अ‍ॅक्सिस चालवतं. स्क्रू कोणता?

पंखवेडा
काका, चारही मोटरी फिरतायत म्हणजे फर्मवेअर ठीकच आहे ना. जीआरबीएल मेगा ५एक्स. टी८ स्क्रू, लीड (एका फेरीत सरकणारं अंतर) ८ मिमी, मायक्रोस्टेप १/१६, म्हणजे एका स्टेपचे १६ भाग.

लेथकाका
मग चारही अ‍ॅक्सिसला ४०० स्टेप प्रति मिमी हवेत. मोटरच्या एका फेरीच्या २०० स्टेप गुणिले १६ भागिले ८. प्रत्येक अ‍ॅक्सिस १०० मिमी चालव आणि व्हर्नियरने मोज.

सह्यकडा
आर्डुइनोचा नाद सोडा. जुना पीसी घ्या, लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर टाका, चार अ‍ॅक्सिसला एक्स-वाय-यू-व्ही लावा. माझं मशीन सहा वर्षं बिनतक्रार चालतंय.

लेथकाका
अहो, सरळ पंख बरोबर येतोय. मग कंट्रोलर कशाला बदलायचा?

मधली आळी
तार जास्त तापत असणार. मी पंख्याचा डिमर लावलाय, थेट घरातल्या स्विचबोर्डातून. गरजेनुसार कमीजास्त करता येतं.

चिमणी
मधली आळी, तो डिमर आजच्या आज काढा. डिमरमुळे व्होल्टेज कमी झालं तरी तार मेन्सलाच जोडलेली राहते. उघड्या तारेला हात लागला तर जीव जाईल. ट्रान्सफॉर्मर किंवा एसएमपीएस (कमी व्होल्टेजचा पॉवर सप्लाय) लावा.
पंखवेडा, रूट (पंखाचं रुंद टोक) आणि टिपला (अरुंद टोक) नेमकं किती आलं? तार धरणाऱ्या दोन टॉवरमध्ये अंतर किती? ठोकळा कुठे ठेवता?

गोदाकाठ
सजावटीच्या थर्मोकोलवर २०१८ पासून बंदी आहे ना? आमच्या मंडळाने तेव्हापासून मखर पुठ्ठ्याचंच केलंय, सुंदर होतं. फोटो टाकू का?

पंखवेडा
मखर नाही हो, एक्सपीएसचा (कडक फोमचा) पंख आहे!
रूटला रुंदी २०० मिमी हवी, १८४ आली. टिपला १२० हवी, १३६ आली. तिन्ही वेळा साधारण हेच. टॉवरमध्ये १००० मिमी, ठोकळा ६०० चा, मधोमध.

चिमणी
सापडलं. एकीकडे १६ कमी, दुसरीकडे १६ जास्त. तुमचे टॉवरच २०० आणि १२० चालतायत. म्हणजे १००० मिमीत ८० चा फरक, दर मिमीला ०.०८. ठोकळा दोन्हीकडून २०० मिमी आत आहे, २०० गुणिले ०.०८ बरोबर १६. सॉफ्टवेअरला वाटतंय की ठोकळा टॉवरला चिकटलाय. खरं तर रूटचा टॉवर २२६.७ आणि टिपचा ९३.३ चालायला हवा. सरळ पंखात दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून चूक दिसली नाही.

लेथकाका
बरोबर. माझं लक्ष स्टेप्समध्येच अडकलं होतं.

पंखवेडा
सॉफ्टवेअरमध्ये टॉवर ते ठोकळा दोन्हीकडचं अंतर खरंच शून्य होतं! २०० टाकून आत्ताच कापला. रूट १९९, टिप ११८. ताई, कसे आभार मानू! पण टिपकडे फोम जास्त का खाल्ला गेला?

चिमणी
तेवढ्याच वेळात तिकडे तार कमी अंतर कापते. सावकाश गेली की जास्त वितळतं. सॉफ्टवेअरमध्ये कर्फ (तारेने वितळून जाणारी रुंदी) दोन्ही बाजूंना वेगळा द्या, तार थोडी कमी तापवा. आणि तारेला स्प्रिंग लावलीय ना? तापली की ती लांबते, सैल पडली की मधला भाग मागे राहतो.

पंखवेडा
स्प्रिंग आहे, पण एकाच बाजूला.

चिमणी
एक पुरते. तार ताणलेली राहिली म्हणजे झालं.

मधली आळी
डिमर काढला. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर चालेल का? निक्रोम ०.३ मिमी, तार दीड मीटर.

चिमणी
बरं केलंत. ०.३ ला मीटरमागे १५ ओहमच्या आसपास धरा, म्हणजे दीड मीटरला २३. १२ व्होल्टला जेमतेम अर्धा अँपिअर जाईल, तार पुरेशी तापणार नाही. २४ व्होल्ट, २ अँपिअरचा घ्या.