सिंधू संधिपट्ट्यातील थ्रस्ट दक्षिणेकडे का कलतात?

प्रश्न (पंचवटी, नाशिक):
अंजनेरीपासून चांदवडपर्यंत बेसॉल्टचे थर जवळपास आडवेच असल्यामुळे उभ्या थरांची नती (आडव्या पातळीपासूनचा कल) मोजण्याचा प्रसंग मला लडाखच्या अभ्याससहलीतच आला. उपशीहून मिरूकडे जाताना जांभळे-हिरवे वालुकाश्म व पंकाश्म (घट्ट झालेला चिखल) भिंतीसारखे उभे आहेत. त्यांच्या दक्षिणेचे सिंधू संधिपट्ट्यातील, म्हणजे भारत व आशिया जिथे जुळले त्या पट्ट्यातील, खडक ज्या थ्रस्टवरून (एक खडकसमूह दुसऱ्यावर सरकतो त्या भेगेवरून) त्यांच्यावर चढले आहेत, तो दक्षिणेकडे कलतो. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे खाली गेला आणि हिमालयातील मुख्य मध्यवर्ती थ्रस्टही उत्तरेकडेच कलतो, मग इथेच उलट दिशा कशी?

उत्तर १ (नाशिकरोड):
आपण पाहिलेला थ्रस्ट म्हणजे भूपट्ट ज्या पृष्ठावरून खाली गेला ते पृष्ठ नव्हे. भारत व आशिया यांच्यामधला निओटेथिस महासागर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी मिटत असताना खडक दक्षिणेकडे ढकलले जात होते. उपशीचे गाळखडक मुख्यतः टक्कर सुरू झाल्यानंतर साचले असून उत्तरेला ते लडाखच्या ग्रॅनाइटवर विसावले आहेत. जो थ्रस्ट त्यांना कापतो, तो त्यांच्याहून तरुणच असला पाहिजे. ग्रेट काउंटर थ्रस्ट या नावाने ओळखली जाणारी, तिबेटात कैलासच्या परिसरातही आढळणारी ही खडकांना उत्तरेकडे चढवणारी, म्हणूनच दक्षिणेकडे कलणाऱ्या पृष्ठावरची हालचाल साधारण २ कोटी वर्षांपूर्वीची मानली जाते. म्हणून आजची नती पाहून महासागर कोणत्या दिशेला बुडाला हे ठरवणे मला धोक्याचे वाटते.

उत्तर २ (सिन्नर):
वरील मताशी मी सहमत आहे. मात्र हालचालीची दिशा ठरवताना सर्पेंटिनाइटवरील ओरखड्यांवर विसंबू नये, कारण हा दुबळा खडक पुन्हा पुन्हा सरकतो आणि बहुधा शेवटच्या सरकण्याचीच खूण ठेवतो. त्याऐवजी जुन्या पत्रणावर (खडकातील पानांसारख्या पातळ पापुद्र्यांवर) पडलेल्या नव्या बारीक घड्या शोधाव्यात, म्हणजे आधीचे कोणते व नंतरचे कोणते हे एकाच नमुन्यात दिसते. जुन्या टप्प्याचा सर्वांत बोलका पुरावा लडाखमधील त्सो मोरारी सरोवराच्या परिसरात आहे. तेथील एक्लोगाइट या प्रचंड दाबाखाली बनलेल्या खडकात कोएसाइट (अतिदाबाखालीच तयार होणारे सिलिकाचे खनिज) सापडल्यामुळे भारतीय खंडाची कड ९० किलोमीटरहून अधिक खोल जाऊन परत वर आली, हे कळते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. उभ्या थरांची मूळ वरची बाजू कशी ओळखावी?

उत्तर १ (नाशिकरोड):
वालुकाश्मातील तिरक्या स्तरांची वरची टोके कापली गेलेली असतात. ती कापलेली बाजू म्हणजे थराची वरची बाजू. तरंगचिन्हांचे टोकदार माथेही वरच्या दिशेला असतात. अशी नोंद प्रत्येक थांब्यावर नतीबरोबरच करावी, कारण घडीची एक बाजू उलटली असेल तर केवळ नतीच्या आकड्यांवरून ते कळत नाही.