मदत हवी आहे: मॅव्हरिक्सचं उन्हाळी गणित रविवारपर्यंत सोडवायचंय

आयर्विंगकर_आई (२७ जून २०२५)

नमस्कार मंडळी. राहायला डॅलसशेजारच्या आयर्विंगमध्ये आणि सध्याची डोकेदुखीही आयर्विंगचीच. कायरी आयर्विंगची, म्हणजे डॅलस मॅव्हरिक्सच्या बास्केटबॉलपटूची.

झालंय असं की माझ्या लेकाने (वय १५) आणि त्याच्या मित्रांनी सुट्टीत एक खेळ काढलाय. प्रत्येकाने एनबीएचा (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) एक संघ घ्यायचा आणि पुढच्या हंगामाची बांधणी करायची. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाशी अदलाबदल, सगळं खऱ्या नियमांप्रमाणे. ज्याच्याकडे डॅलस मॅव्हरिक्स होते तो मुलगा महिनाभर आजीकडे सांगलीला गेला आणि ती खुर्ची माझ्या गळ्यात पडली. "आई, तू आयपीएलचा लिलाव तर रात्र रात्र बघतेस," असा युक्तिवाद झाला. रविवारी रात्रीपर्यंत योजना द्यायची आहे. नियम पाळला जातोय का हे बघायला माझाच मुलगा बसलाय आणि तो आईला एक पैची सूट देणार नाही.

मला समजलेलं असं:

परवाच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड) पहिल्या क्रमांकावर ड्यूक विद्यापीठाचा कूपर फ्लॅग मिळाला, वय वर्षं १८. अँथनी डेव्हिस आहे. क्ले थॉम्पसन, पी. जे. वॉशिंग्टन, गॅफर्ड, लाइव्हली, मार्शल, क्रिस्टी, केलेब मार्टिन आहेत. उंच माणसांची तर गर्दी आहे. पण चेंडू घेऊन पुढे येणारा, खेळ मांडणारा माणूसच (पॉइंट गार्ड) नाही. कायरीचा डावा गुडघा ३ मार्चला गेला (एसीएल हा स्नायुबंध फाटला), म्हणजे नव्या हंगामाचे पहिले काही महिने तो नाहीच.

प्रश्न १: कायरीला पुढच्या वर्षाचे ४३ मिलियन डॉलर हक्काचे मिळत होते. ते सोडून त्याने तीन वर्षांचा ११९ मिलियनचा करार घ्यायचं ठरवलंय, म्हणजे वर्षाला कमीच. कोणी असं का करेल?

प्रश्न २: त्यातून वाचलेले पैसे मला नव्या पॉइंट गार्डवर उधळता येतील का? सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) १५४.६ मिलियन आहे म्हणतात. मी बेरीज केली तर आपले १४ खेळाडूच १९६ च्या वर जातात. मग आपण आधीच नियम मोडलाय का? आयपीएलमध्ये १२० कोटींची पर्स संपली की हात खाली. इथे काय भानगड आहे?

प्रश्न ३: गॅफर्ड आणि हार्डी देऊन बरा गार्ड आणावा असं माझ्या मनात आहे. चालेल?

सोप्या भाषेत सांगा. "ॲप्रन" हा शब्द मला अजून स्वयंपाकघराबाहेर पचलेला नाही.

---

नागपाडा_ब्लॉक

ताई, हा धागा वाचून जीव सुखावला. आमच्या मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर पोरं रात्री दिव्याखाली खेळायची, पण हे आकडे आमच्यातल्याही कोणाला कळायचे नाहीत.

आधी एक सांगा. खऱ्या संघाने जे आधीच केलंय ते तुमच्यावर बंधनकारक आहे का? म्हणजे लेकर्सला दिलेल्या लुका डॉनचिचला परत आणता येईल का? 😄

---

आयर्विंगकर_आई

आजपर्यंत झालेलं सगळं बंधनकारक. लुकाचं नाव घरात काढायचं नाही. १ फेब्रुवारीच्या शनिवारी रात्री बातमी आली तेव्हा पोरगं फोन हातात धरून जिन्यावर बसलं होतं. मला वाटलं भारतातून काही वाईट बातमी आली.

---

टोलनाका

उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, आयपीएलची पर्स डोक्यातून काढून टाका. पर्स ही भिंत आहे. एनबीएची कॅप म्हणजे एक्स्प्रेसवेवरचा पहिला टोलनाका. पुढे जाता येतं, पण दर नाक्यावर तुमच्याकडून काहीतरी काढून घेतात. २०२५-२६ चे नाके असे: कॅप १५४.६ मिलियन, लक्झरी टॅक्स (इथून वर जादा कर) १८७.९, पहिला ॲप्रन १९५.९, दुसरा ॲप्रन २०७.८. ॲप्रन म्हणजे करापुढचे आणखी कडक नाके.

कॅप ओलांडली की बाहेरच्या खेळाडूला मनाला येईल तो पगार देता येत नाही. स्वतःच्या जुन्या खेळाडूला मात्र कॅपच्या वर जाऊनही देता येतो. त्याला बर्ड राइट्स म्हणतात, लॅरी बर्डच्या नावावरून. आयपीएलच्या आरटीएमचा (राइट टू मॅच) लांबचा चुलतभाऊ समजा, फक्त इथे समोरच्याने बोली लावायची वाट बघावी लागत नाही. म्हणून जवळजवळ सगळे संघ कॅपच्या वरच असतात आणि कोणी नियम मोडलेला नसतो.

बाहेरून माणूस आणायला मिड-लेव्हल एक्सेप्शन नावाची खिडकी असते. ती दोन मापांची. मोठी १४.१ मिलियनची, छोटी ५.७ मिलियनची. मोठी उघडली की वर्षभर पहिल्या ॲप्रनच्या वर पाऊल टाकायचं नाही. तुमची बेरीज १९६ च्या वर आहे, म्हणजे ती खिडकी बंद. छोटी उघडलीत तर दुसऱ्या ॲप्रनवर, २०७.८ वर, कुलूप लागतं. त्याच्या वर एक डॉलरही नाही.

आता कायरी बघा. ४३ घेतले असते तर तुमचे १४ जण २०३ च्या आसपास गेले असते. त्यात ५.७ मिळवा. २०८.७. कुलूप तुटलं. म्हणजे छोटी खिडकीही गेली असती आणि उरले असते फक्त किमान पगारावर येणारे. नव्या करारात पहिल्या वर्षी त्याला सुमारे ३६.६ मिळतात, म्हणून खिडकी उघडी राहते. त्याने हे दानधर्म म्हणून केलेलं नाही. ३३ वर्षांचा माणूस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. एका वर्षाच्या ४३ पेक्षा तीन वर्षांचे ११९ त्याला बरे वाटले. दोघांचं भलं झालं.

तर प्रश्न २ चं उत्तर: कायरीचे वाचलेले साडेसहा मिलियन तुमच्या हातात रोख आलेले नाहीत. ५.७ ची एक खिडकी उघडी राहिली, इतकंच. त्यात बसेल तो गार्ड आणा.

प्रश्न ३: पहिल्या ॲप्रनच्या वर असताना अदलाबदलीत जितका पगार द्याल त्याहून एक डॉलर जास्त घेता येत नाही. गॅफर्डचे १४.४ आणि हार्डीचे ६ मिळून २०.४ दिले तर २०.४ पर्यंतच परत. आणि ज्यांच्याकडे त्या पगाराचा चांगला गार्ड आहे त्यांना तुमचा राखीव सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू) का हवा असेल, हेही बघा. इथे सगळे अडतात.

---

नागपाडा_ब्लॉक

या कुलपाची चव मॅव्ह्जनी याच वर्षी घेतलीय. लुकाच्या सौद्यानंतर पहिल्या ॲप्रनला इतके चिकटले होते की मार्चमध्ये अर्धा संघ जायबंदी असताना नवा माणूस घ्यायला पैसे असूनही परवानगी नव्हती. सामना खेळायला किमान आठ जण लागतात, ते तरी उभे राहतील का अशी चर्चा होती.

आणि दुसरा ॲप्रन काय करतो ते बोस्टनकडे बघून समजा. गेल्या वर्षी फायनलमध्ये आपल्याला ४-१ ने हरवून विजेते झाले. या आठवड्यात जरू हॉलिडे पोर्टलंडला आणि पोर्झिंगिस अटलांटाला पाठवायची वेळ आली. दुसऱ्या ॲप्रनवर दोन पगार एकत्र करून एक मोठा खेळाडूसुद्धा आणता येत नाही.

---

विदर्भ_एक्स्प्रेस

मी वेगळं सांगतो आणि शिव्या खायची तयारी आहे. डेव्हिसला विका. आत्ताच.

डेव्हिस ३२, कायरी ३३, क्ले ३५ आणि फ्लॅग १८. एकाच घरात दोन घड्याळं लावून ठेवलीत. म्हाताऱ्यांचा संघ फार तर दोन वर्षं, त्यातही एक वर्ष कायरीच्या गुडघ्यात जाणार. फ्लॅगचा बहर येईल तेव्हा हे तिघं निवृत्तीच्या वाटेवर. त्याच्या वयाची पोरं जमवा, दोन वर्षं हरा (हरणाऱ्यांना ड्राफ्टमध्ये वरची निवड मिळायची शक्यता जास्त), आणखी दोन चांगले ड्राफ्ट घ्या.

---

टोलनाका

शिव्या नाही देत, पण दुसऱ्या वर्षाचं हरणं कोणाच्या खिशात जाईल ते बघ.

२०२६ ची पहिल्या फेरीची निवड मॅव्ह्जची स्वतःची आहे. पुढे? २०२७ ची शार्लटला दिलेली (वॉशिंग्टनसाठी, पहिल्या दोनांत आली तरच आपल्याकडे राहते). २०२८ ला ओक्लाहोमा सिटी आपल्याशी अदलाबदल करू शकते, गॅफर्डच्या वेळी दिलेला हक्क. २०२९ ची कायरीच्या सौद्यात गेली, ती आता ह्यूस्टनकडे. २०३० ला सॅन अँटोनियोला अदलाबदलीचा हक्क. स्वतःची निर्विवाद निवड परत २०३१ ला. हातात आहे ती लेकर्सची २०२९ ची, लुकाच्या बदल्यात आलेली.

म्हणजे दोन वर्षं हरलास तर एक वर्ष स्वतःसाठी आणि एक शार्लटसाठी हरशील. शेत आपलं, राबणूक आपली, पीक शेजाऱ्याचं.

---

विदर्भ_एक्स्प्रेस

मान्य. म्हणजे हरायचं तर फक्त याच वर्षी. मग उलट माझंच म्हणणं पक्कं होतं ना? कायरी नाहीच आहे. डिसेंबरपर्यंत बघा, जमत नसेल तर डेव्हिसला विका आणि २०२६ ची निवड वर न्या.

---

टोलनाका

हे मात्र खरं आहे. जूनमध्ये नाही, डिसेंबरमध्ये. डेव्हिस आत्ता विकलात तर ५४ मिलियनचा पगार झेपणारा संघ शोधावा लागेल आणि दुखापतींच्या इतिहासामुळे भाव पाडून मागतील. दोन महिने तो नीट खेळला तर बाजार बदलेल.

---

मेनकडची_माहेरवाशीण

विषयांतराबद्दल माफी, पण फ्लॅग मेन राज्यातल्या न्यूपोर्ट नावाच्या छोट्या गावचा आहे. आम्ही पाच वर्षं मेनमध्ये काढली. तिथून पहिल्या क्रमांकाचा खेळाडू निघाला याचा लोकांना कोण आनंद!

लॉटरीचं, म्हणजे ड्राफ्टमधली पहिली निवड कोणाला हे ठरवणाऱ्या सोडतीचं, कोणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. १४ चेंडूंतून चार काढतात, त्याच्या १००१ चौकड्या होतात, एक बाद करून १००० वाटतात. मॅव्ह्जकडे त्यातल्या १८ होत्या. त्यातही शिकागोशी ३९-४३ अशी बरोबरी होती. ती बरोबरी सोडवताना नशीब मॅव्ह्जच्या बाजूने पडलं म्हणून १८, नाहीतर १७. सगळ्यात वाईट कामगिरी केलेला यूटा पाचवा आला. वर्षभर हरून!

---

सोडला_नाद

ज्या व्यवस्थापकाने (निको हॅरिसन) लुकाला घालवला त्याच्याच झोळीत फ्लॅग पडला. स्टेडियममध्ये "निकोला काढा" म्हणून घसा बसला आमचा. मी आता बघत नाही.

---

नागपाडा_ब्लॉक

बघत नाही आणि धाग्यावर मात्र हजर. बरं, मॅव्ह्जचं आपल्यावरचं एक जुनं ऋण आहे हे विसरू नका. २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर सतनाम सिंगला त्यांनीच घेतलं होतं. भारतात जन्मलेला, एनबीएने ड्राफ्ट केलेला पहिला खेळाडू. ते पत्र्याच्या शेडमध्ये शिकलेल्या आमच्यासारख्यांना किती मोठं होतं ते सांगता येत नाही.

ताई, कामाचं: फुकटातला एक गार्ड आधीच आलाय. गोंझागा विद्यापीठाचा रायन नेम्बार्ड, ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही, मॅव्ह्जनी टू-वे करारावर (मुख्य आणि दुय्यम अशा दोन्ही संघांत खेळायचा करार) घेतला. टू-वेवाले १५ च्या यादीत धरत नाहीत आणि त्यांचा पगार कॅपमध्येही येत नाही. उंची बेताची, पण यंदा कॉलेज बास्केटबॉलमध्ये सरासरी सर्वाधिक असिस्ट (ज्यावर सहकारी गुण करतो ते पास) त्याचेच.

---

आयर्विंगकर_आई (२९ जून)

सगळ्यांचे आभार. काल रात्री दीड वाजेपर्यंत हे वाचलं, नवऱ्याला वाटलं ऑफिसचं रिलीज आहे.

योजना दिली, ती अशी. गॅफर्ड-हार्डीचा सौदा रद्द. माझ्या लक्षात आलं की लाइव्हलीही सारखा जायबंदी असतो, गॅफर्ड दिला तर सेंटरला डेव्हिस उभा करावा लागेल आणि त्याला ते आवडत नाही. छोटी खिडकी उघडून डीअँजेलो रसेलला बोलावायचं. बचाव यथातथा, पण खेळ मांडता येतो, डेव्हिसबरोबर लेकर्समध्ये खेळलेला आहे आणि ५.७ मध्ये बसू शकेल असं वाटतं. थोडा वेळ चेंडू फ्लॅगच्याच हातात द्यायचा. प्रशिक्षक जेसन किड स्वतः अव्वल पॉइंट गार्ड होता, शिकवेल. डेव्हिसचा निर्णय डिसेंबरमध्ये.

मुलाने दोन्ही बेरजा तपासल्या. २०२.३. कुलूप शाबूत. "नॉट बॅड" म्हणाला. त्याच्या वयात ही मोठी पदवी असते.

---

आयर्विंगकर_आई (१ जुलै)

अहो, खऱ्या मॅव्ह्जनी रसेललाच घेतलं! दोन वर्षांचा करार. पोरं मला संशयाने बघताहेत, आईला आतली खबर होती म्हणून.

आता शेवटचा प्रश्न. डांटे एक्झमला किमान पगारावर परत आणावा असं मनात आहे, पण रसेल धरून १५ झाले. एक्झम सोळावा. ऑलिव्हिए-मॅक्सान्स प्रॉस्परला सोडलं तर त्याचे ३ मिलियन यादीतून जातात का?

---

टोलनाका

माणूस जातो, पैसे राहतात. हमीचा करार आहे. ते पैसे पुढच्या वर्षांवर पसरून टाकायची सोय आहे, तिला स्ट्रेच म्हणतात. त्यासाठी नवा धागा काढा, हा फार लांबला.